कमिट शोधतो म्हणता, पण फक्त संदेशच वाचता!

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: आपल्या एडिटरमधील गिट इतिहासाचा शोध अपुरा असल्याबाबत

महोदय,

आम्ही लातुरात आडत दुकानांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवतो. आपल्या एडिटरची वर्षाची वर्गणी भरली ती एडिटर न सोडता जुनी कमिट, म्हणजे गिट या बदल जपणाऱ्या प्रणालीत संदेशासह नोंदवलेले कोडमधले बदल, शोधता येतील, या जाहिरातीवर भिस्त ठेवून.

दिवाळीच्या तोंडावर, सोयाबीनची आवक जोरात असताना एका आडत्याचा फोन आला. पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबात, हमाली दोनदा कापली जात होती. पट्टी हातात धरून शेतकरी समोर उभा, मागे रांग. वजावटीची ओळ कधी बदलली हे पाहायला मी त्या ओळीतल्या व्हेरिएबलचे नाव आपल्या शोधपेटीत टाकले. उत्तर आले, ‘एकही कमिट सापडले नाही’. म्हणून आम्ही कोड बाजूला ठेवून डेटाबेस धुंडाळत बसलो. अख्खी सकाळ गेली.

शेवटी सहकाऱ्याने टर्मिनलवर गिट लॉग या इतिहास दाखवणाऱ्या आज्ञेला मोठ्या एसचा (-S) पर्याय देऊन तेच नाव शोधले आणि कमिट समोर आले. हमाली वजा करणारी ओळ त्यात दुसऱ्यांदा आली होती. कमिटचा संदेश काय, तर ‘किरकोळ दुरुस्ती’.

खरी गोम इथेच आहे. आपला शोध फक्त संदेश वाचतो, म्हणजे गिटच्या ग्रेप पर्यायाएवढेच काम करतो. आणि घाईच्या दिवसांत संदेशात कोण काय लिहितो, हे सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको. मोठा एस प्रत्यक्ष बदल तपासतो. ते नाव फाइलमध्ये किती वेळा येते, ती संख्या ज्या कमिटने बदलली ते दाखवतो. मोठा जी (-G) बदललेल्या ओळींवर रेगेक्स, म्हणजे अक्षरांचा नमुना जुळवणारा शोध, चालवतो. दोन्ही सोयी गिटमध्ये फुकट आहेत आणि सगळा इतिहास आमच्याच मशिनवर आहे. मग पैसे मोजून घेतलेल्या एडिटरमध्ये त्या का नाहीत? शिवाय आपला शोध चालू ब्रँचच्या (कोडच्या शाखेच्या) बाहेर जात नाही, आणि फाइलचे नाव बदलले की मागचा इतिहास तुटतो.

सोय अपुरी असेल, तर एक वेळ चालवून घेऊ. पण जे तपासलेच नाही त्याबद्दल ‘सापडले नाही’ म्हणणे मला मान्य नाही. त्यावर विसंबून लोक पैशाचे हिशेब दुरुस्त करतात.

कृपया बदलांच्या मजकुरातला शोध लवकर द्यावा. तोवर निकालाखाली ‘फक्त संदेश तपासले’ एवढी ओळ तरी दाखवावी. आधीच्या ईमेलला ‘अपडेट करून पाहा’ असे उत्तर आले होते; अपडेट करूनच हे पत्र लिहीत आहे. हे जमणार नसेल, तर उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी.

कळावे,
आपला एक वर्गणीदार
लातूर