ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र: जुनी घरे जपणाऱ्यांवर २० टक्के कर कशाला?

माननीय अर्थमंत्री,

स. न. वि. वि.

चेशायरमध्ये काँगलटनजवळ लिटल मोरटन हॉल आहे. आपण पाहिला नसेल तर एकदा जरूर पाहा. चारी बाजूंनी पाण्याचा खंदक आणि मध्ये मोरटन घराण्याने साधारण १५०४ ते १६१० या काळात वाढवत नेलेला लाकडी वाडा. सांगाडा ओकचा, मधल्या भिंती कुडाच्या. कोकणातल्या माणसालाही ही रीत परकी वाटणार नाही.

चौकातल्या खिडक्यांवर १५५९ चा कोरीव लेख आहे. खिडक्या विल्यम मोरटनने करवून घेतल्या, असे त्यात लिहिले आहे. त्याच लेखात त्या घडवणाऱ्या रिचर्ड डेल या सुताराचेही नाव आहे. मालकाच्या जोडीने कारागिराचे नाव इतक्या ठळकपणे क्वचितच कोरलेले दिसते, आणि म्हणूनच हा वाडा मला इतका प्रिय आहे.

सगळ्यात वर सुमारे ६८ फूट लांबीचे लाँग गॅलरी हे दालन आहे. त्याचे छप्पर जड दगडी लाद्यांचे. त्या भाराने खालची लाकडे वाकली, जमीन उंचसखल झाली. तरी वाडा उभा आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी त्याची डागडुजी करत आले. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या गृहयुद्धानंतर घराण्याला उतरती कळा लागली, वाडा कुळांकडे गेला. पुढे संन्यासिनी झालेल्या एलिझाबेथ मोरटन यांनी तो सावरला, आणि १९३८ मध्ये तो ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला.

ट्रस्टसारखा पाठीराखा प्रत्येक जुन्या घराला मिळत नाही. बहुतेक संरक्षित घरांचा भार साध्या मालकांवरच असतो, आणि आपला कर नेमका त्यांच्याच मुळावर येतो. नवे घर बांधले तर व्हॅट (मूल्यवर्धित कर) शून्य. चारशे वर्षांची तुळई दुरुस्त केली तर २० टक्के. संरक्षित वास्तूंतल्या मंजूर फेरबदलांना सवलत होती, तीही ऑक्टोबर २०१२ पासून काढून घेतली. दोन वर्षे रिकाम्या पडलेल्या घराच्या दुरुस्तीला मात्र ५ टक्के! राहत्या घराची वेळीच निगा राखणाऱ्याने जास्त कर का भरायचा?

संरक्षित वास्तूंच्या दुरुस्तीवरचा व्हॅट येत्या अर्थसंकल्पात निदान ५ टक्क्यांवर आणा. या खर्चाचा मोठा वाटा सुतार, गवंडी आणि शिशाच्या पट्ट्यांत काचा बसवणाऱ्यांच्या मजुरीचा असतो. दर उतरला तर मालक छत गळायला लागताच त्यांना बोलावतील, तुळई कुजेपर्यंत थांबणार नाहीत.

आपला,
चेशायरमधील एक मराठी रहिवासी