पार्कवरची अंडी

सोलापूर,
दि. १२ जुलै

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

गड्ड्याच्या यात्रेनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल तू जे म्हणशील ते आधीच मान्य आहे. माझी साखर आटोक्यात आहे, आईचे गुडघे तसेच आहेत. लिहायला बसलो तो सईमुळे, आणि हे तुझ्यावाचून कोणाला सांगण्यासारखे नाही.

दहावीचे वर्ष म्हणून तिचा थकवा आम्ही दोन महिने अभ्यासावर ढकलला. मग हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, जीभ लाल, गुळगुळीत दिसू लागली, तेव्हा रक्त तपासले. बी-१२ जीवनसत्त्व निघाले १२८. ते निदान २०० तरी हवे. ड जीवनसत्त्वही कमीच, ११. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांवर जाणाऱ्या आपल्या गावात पोरीला ऊन कमी पडले, यावर तू हसशील. परंतु पहाटेपासून क्लास, दिवसभर शाळा आणि जाता-येता बोटांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, एवढ्यातून ऊन अंगाला लागणार कधी?

डॉक्टरांनी विचारले, "घरात अंडी?" मी "नाही" म्हणालो. शेजारी बसलेली आई अभिमानाने म्हणाली, "आमच्यात कधीच नाही. हाही असाच वाढला, याला कुठे काय झाले?" दिगंबर, त्या क्षणी मी मान खाली घालून नुसती फाईल चाळत राहिलो. आठवी ते बारावी, दर शनिवारी पार्कवरच्या गाडीवर उकडलेली दोन अंडी आणि घरी जाताना मूठभर बडीशेप! (सतरा रुपये माझ्याकडे निघतात हा तुझा दावा मात्र मला आजही अमान्य आहे.)

घरी येऊन हिशेब मांडला. दिवसाला सुमारे २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागते आणि एका अंड्यात असते जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम. म्हणजे तुझ्या शनिवारांनी मी तरलो असे म्हणता येत नाही. तारले ते आई समोर बसून पाजायची त्या दोन पेले दुधाने. सईने मुरुमांचे निमित्त करून दूध सोडले, पुढे दही-ताकही सोडले, सकाळी ती उपाशीच निघते, आणि आम्ही मात्र ती कडक भाकरी, डाळ, मेथी, शेंगाचटणी खाते म्हणून निर्धास्त होतो. त्या ताटात बाकी पुष्कळ आहे, बी-१२ तेवढे नाही, कारण ते वनस्पती तयारच करीत नाहीत. यकृतातल्या शिलकीवर शरीर बराच काळ निभावून नेते, त्यामुळे दूध सुटल्यावर लगेच काहीच जाणवले नाही. डॉक्टरांनी आणखी एक सांगितले, ते मला रात्री झोपू देत नाही: पालेभाजीतल्या फोलेट या दुसऱ्या जीवनसत्त्वामुळे रक्त बरे दिसत राहते आणि नसांची हानी आत चालूच असते. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत १० ते १९ वयाच्या जवळपास ३१ टक्के मुलांत हीच कमतरता आढळली होती, पण त्या आकड्याने माझी समजूत पटत नाही. समोर बसलेल्या पोरीच्या ताटात काय नाही, हे मला दिसले नाही.

इंजेक्शने चालू आहेत, मुंग्या कमी आहेत. सई म्हणते, अंडी खाईन. आईपुढे हा विषय काढायचा धीर मला पन्नाशीतही होत नाही.

तुझी बदली रद्द झाली का? वहिनींना नमस्कार, चिरंजीवांच्या प्रवेशाचे कळव.

आणि एक. काल देवापुढे वाती वळता वळता आईने सहज विचारले, "दिगंबर अजून पार्कवर जातो का रे?" तू तिला कधी काही बोलला होतास का, तेवढे खरे सांग.

तुझा,
शिवा