फोटोतल्या अक्का कुठं गेल्या?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात खानापूर तालुक्यात पावसानं पडलेल्या घराचा फोटो आला होता बघा, पडक्या भिंतीजवळ एक म्हातारी एकटीच बसलेली, ती माझी मामी. फोटो तिच्या नातवानं मोबाईलवर काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला, तिथनं कुणीतरी उचलला, घरात कुणाला एका शब्दानं विचारलं नाही.

तेही एकवेळ सोडून दिलं असतं. पण मामी एकटी नव्हती हो. शेजारच्या अक्का, कन्नड बोलणाऱ्या, पहाटेपासून तिच्या डोक्यावर ताडपत्री धरून उभ्या होत्या, मूळ फोटोत त्या स्पष्ट दिसतात. तुमच्या फोटोत अक्का पुसल्यात. ताडपत्रीचं टोक तेवढं अधांतरी राहिलंय, नीट बघा, धरणारा हातच नाही. एकटी म्हातारी दाखवली की वाचणाऱ्याला जास्त वाईट वाटतं म्हणून केलं असेल, पण त्यानं गावानं तिला वाऱ्यावर सोडलं असा अर्थ झाला की. आपल्या भागात मराठी-कन्नड म्हटलं की भांडणाचेच फोटो येतात, एक वेगळा होता तो असा घालवला.

मी शहापुरात ३० वर्षं स्टुडिओ चालवला. निगेटिव्हवर पेन्सिलनं टचिंग करून नवरीच्या गालावरचे डाग मीही घालवलेत, पण ते गिऱ्हाईकानं सांगितलं म्हणून, आणि तो फोटो त्यांच्याच भिंतीवर लागायचा. बातमीच्या फोटोत उजेड थोडा कमीजास्त करा, चालतंय, पण जे होतं ते पुसायचं नाही. असोसिएटेड प्रेस ह्या अमेरिकेतल्या वृत्तसंस्थेनं २०१४ साली नार्सिसो कॉन्ट्रेरास ह्या फोटोग्राफरशी संबंध तोडले, का तर सीरियातल्या एका बंडखोराच्या फोटोत कोपऱ्यात दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्यानं पुसला. त्याचे जवळपास ५०० फोटो तपासले, दुसरीकडं कुठं खोट सापडली नाही, तरी ऐकलं नाही, आणि तो आदल्याच वर्षी पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मोठं बक्षीस, मिळालेल्या टीममधला! तिथं नुसता कॅमेरा होता, इथं अख्खं माणूस पुसलंय.

अक्कांना मराठी वाचता येत नाही, पण फोटो कळतो. पेपर हातात घेऊन मामीला विचारलं, "ना एल्ली?" मी कुठं आहे? मामीला काय सांगावं सुचलं नाही, ती रडायलाच लागली.

मूळ फोटो सोबत पाठवतोय, दोघींना विचारून. त्याच पानावर, तेवढाच मोठा छापा.

एक वाचक, शहापूर, बेळगाव