राकसकोपचं पाणी डोंगरातच राखा

माननीय संपादक,
स. न.

पावसाळ्यात आपल्या दैनिकात बेळगावला पाणी पुरवणाऱ्या, मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयाची पातळी छापून येते. ती २४७५ फुटांवर गेली, म्हणजे जलाशय भरला, की बेळगाव शहर निर्धास्त होतं. आम्ही उचगाव भागातले मार्कंडेयकाठचे शेतकरी मात्र त्या दिवसापासून नदीकडे डोळे लावून बसतो. नुकतंच लावलेलं भाताचं रोप चार-सहा दिवस पाण्याखाली राहिलं की कुजतं, आणि दुबार लावणीला तेवढं रोप कुणाकडेच शिल्लक नसतं. ऑगस्ट २०१९ मध्ये हे शिवार नव्हतंच, नुसता समुद्र होता. मग जून २०२३ मध्ये पाऊस लांबला तर त्याच राकसकोपनं तळ गाठला आणि शहराच्या नळांना पाणी येईना.

पूर आणि टंचाई हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मला वाटत नाही. मार्कंडेय बैलूरच्या डोंगरात उगम पावते. त्या उतारावर झाडोरा, पालापाचोळा आणि गवत असेल तर पाऊस मुरतो आणि झऱ्याझऱ्यानं महिनोन्महिने खाली येत राहतो. उतार उघडा पडला की तोच पाऊस काही तासांत माती घेऊन धावतो. आमच्या बांधालगतचा ओहोळ मी लहान असताना संक्रांतीपर्यंत वाहायचा. आता दिवाळीलाच कोरडा पडतो. पावसाळ्यात पाणी लाल येतं. ती लाल माती कुठली, हे डोंगराकडे पाहिलं की कळतं: जेसीबीनं सपाट केलेले उतार, उभ्या उतारावर केलेली लागवड आणि ओळीनं लावलेली निलगिरी-ॲकेशिया, जिच्या सावलीत गवताची काडीही धड उगवत नाही. बेळगुंदी, बिजगर्णीकडचा रताळी लावणारा शेतकरी निदान उताराला आडव्या सरी काढतो. नवे मालक तेवढंही करत नाहीत.

२०२० साली कर्नाटकानं भू-सुधारणा कायद्यात दुरुस्ती केली आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची मुभा दिली. तेव्हापासून शहराभोवतीच्या भातशेतीकडे लोक प्लॉट म्हणूनच बघू लागले आहेत. आमच्याच शिवारात एका लेआऊटवाल्यानं भर टाकून ओहोळ बुजवला. तिथं पाइप टाकला आहे म्हणतात. पहिल्याच मोठ्या पावसात तो तुंबला आणि पाणी शेजारच्या चार शेतकऱ्यांच्या वाफ्यांत शिरलं. भाताचा वाफा म्हणजे नुसतं पीक नव्हे. एकरभर बांधबंदिस्तीत १०० मिलिमीटर पाणी उभं राहिलं तर ते ४ लाख लिटर होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. ते सावकाश मुरतं आणि विहिरींना लागतं. येळ्ळूर, वडगाव, शहापूरचं बासमतीचं शिवारही हेच काम करत आलं आहे. त्यावर काँक्रीट ओतलं की ते पाणी बळ्ळारी नाल्यातून लोकांच्या घरात शिरणार, दुसरीकडे जाणार कुठं?

म्हणून माझी मागणी एकच आहे. शहराचा आणि तालुक्याचा विकास आराखडा आखताना रस्ते नंतर काढा, आधी पाण्याच्या वाटा काढा. राकसकोपचा पाणलोट, सगळे नाले-ओहोळ, तळी आणि पुराचं पाणी पसरतं ते भातशिवार नकाशावर दाखवून तिथं बिगरशेती परवानगी बंद करा. शेतकऱ्यानं जमीन राखावी अशी अपेक्षा असेल तर त्याला त्याचा मोबदलाही हवा. शहर पाण्याची पट्टी भरतं, त्यातला काही भाग वरच्या गावांना देण्यात गैर काय? ज्याच्या घरात मुलीचं लग्न निघालं आहे, त्याला 'जमीन विकू नकोस' असं कोरडं सांगून चालत नाही.

डोंगरावर दरवर्षी वृक्षारोपणाचे फोटो निघतात, पण मार्चमध्ये वणवा लागला की सगळं संपतं. त्यापेक्षा जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढाव्यात, तीन-चार वर्षं चराई आणि तोड थांबवावी. जांभूळ, किंजळ, नाणा यांच्या तोडलेल्या बुंध्यांना आपोआप फुटवे येतात. जिथं मूळचं गवत आहे, तो माळ गवताचाच ठेवावा. ओहोळाच्या काठानं उंबर, करंज लावावेत, आणि रोजगार हमीतून उताराला समतल चर खोदावेत.

राकसकोपचं पाणी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या तुडये, मळवीकडूनही येतं. सीमाप्रश्नावरच्या माझ्या भावना इथल्या कुठल्याही मराठी माणसासारख्याच आहेत. पण या पाणलोटापुरतं तरी दोन्हीकडच्या वन आणि पाटबंधारे खात्यांनी एकत्र बसावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आराखड्यावर हरकती मागवल्या जातील तेव्हा नकाशा फक्त कचेरीत ठेवू नये. कन्नडबरोबर मराठीतही करून तो प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. बुजवलेले ओहोळ कुठून वाहत होते, हे आमच्या गावातली सत्तरी-ऐंशीची माणसं अजून बोट ठेवून दाखवतील.

आपला,
एक शेतकरी, उचगाव (ता. बेळगाव)