टायर घेण्याआधी एवढं वाचा

सभासद मित्रांनो, पावसाळी राइडसाठी बरेच जण टायर बदलताय, म्हणून कळकळीनं सांगतो. रिम मोठी घेऊ नका! थारचा २५५/६५ आर१८ (रुंदी २५५ मिमी, बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १८ इंची) दिसायला छान, पण २४५/७५ आर१६ ची बाजूची भिंत साधारण १८४ मिमी, म्हणजे आर१८ पेक्षा जवळपास १८ मिमी जास्त उंच. दगडावर ही उंच भिंतच रिमला वाचवते. १६ इंची लहान रिम ब्रेकला घासत नाही ना, हे आधी बसवून पाहा.

सह्याद्रीच्या लाल चिखलात ऑल-टेरेनच्या (सगळ्या प्रकारच्या रस्त्यांसाठीच्या टायरच्या) खाचा लगेच भरतात. मड-टेरेन (खास चिखलासाठीचे टायर) चांगले, पण हायवेवर आवाज करतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक लांब लागतो. रोज ऑफिसला तीच गाडी असेल तर ऑल-टेरेनच घ्या. स्टेपनी त्याच मापाची हवी. चिखलात हवा कमी केलीत, तर डांबरी रस्त्याला लागण्याआधी भरा. कॉम्प्रेसर सोबत आणाच.