सात समुद्रांपलीकडचं एडिंबरा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. काकूंचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं वाचून जिवात जीव आला.

राजघराण्यांचे समुद्रप्रवास म्हणजे नुसता थाटमाट, असं तू लिहिलंस. म्हणून ट्रिस्टन द कून्याची हकीकत तुला सांगावीशी वाटते. हे बेट दक्षिण अटलांटिकमध्ये आहे. केपटाउनहून निघालं की आठवडाभर नुसतं पाणी, मग एकदम समोर ज्वालामुखीचा डोंगर. विमानतळ आजही नाही. नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत असताना त्याला सोडवायला कुणी इकडून येऊ नये, म्हणून इंग्रजांनी 1816 साली इथे सैनिक ठेवले. पुढल्याच वर्षी ते हलले, पण विल्यम ग्लास हा कॉर्पोरल बायकामुलांसह मागे राहिला. वस्ती वाढली ती तिथून.

1867 मध्ये व्हिक्टोरिया राणीचा मुलगा आल्फ्रेड, ड्यूक ऑफ एडिंबरा, ‘गॅलॅटिया’ युद्धनौकेचा कप्तान म्हणून जाताना इथे थांबला. गावाला त्याचं नाव मिळालं: एडिंबरा ऑफ द सेव्हन सीज. आणि गंमत बघ, याच आल्फ्रेडने 1870 मध्ये मुंबईत सेलर्स होमची कोनशिला बसवली. रीगल सिनेमासमोरची ती इमारत, आताचं पोलीस मुख्यालय. तू रोज तिच्यावरून ऑफिसला जातोस!

त्यानंतर नव्वद वर्षांनी, जानेवारी 1957 मध्ये, दुसरे ड्यूक ऑफ एडिंबरा आले. एलिझाबेथ राणीचे पती प्रिन्स फिलिप. मेलबर्न ऑलिम्पिकचं उद्घाटन, मग अंटार्क्टिका असं करत ‘ब्रिटानिया’ इथे पोचली. नौका शाही खरी, पण बेटाला धड बंदर नव्हतं. किनारा गाठायचा तर बेटकऱ्यांच्याच होडीतून. या होड्या तू बघायला हव्यास. बेटावर सरळसोट लाकूड मिळत नाही, म्हणून लाकडी सांगाड्यावर शिडाचं जाड कापड ताणून बसवायचं आणि वरून रंगाचे हात द्यायचे. हलकी असल्यामुळे अशी होडी माणसांना वाळूवर ओढता येते. अशाच होडीतून शेजारच्या नाइटिंगेल बेटावर पक्ष्यांची अंडी आणायला जायचं. तू कोकणातला, लाट फुटायच्या आत होडी किनाऱ्याला लावणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. फिलिप यांनी सुकाणूचं वल्हं स्वतः हाती घेतलं. ते नौदलातले होते, तरी माझा जीव त्या वल्हेकऱ्यांवर जडला. पाहुणा कुणीही असो, लाट त्यांनाच ओळखायची होती.

त्या भेटीत गावच्या सभागृहाची कोनशिला बसली. प्रिन्स फिलिप हॉल अजून वापरात आहे.

चारच वर्षांनी, 1961 मध्ये, गावाला लागूनच ज्वालामुखी फुटला. सगळ्यांना बेट सोडून इंग्लंडला जावं लागलं. तिथे घरं होती, नोकऱ्या होत्या, दवाखाने होते. तरी परत जायचं का, यावर मतदान झालं तेव्हा 148 जणांनी जायचं म्हटलं, राहायचं म्हणणारे फक्त पाच. 1963 मध्ये ती माणसं परतली आणि पुन्हा आपापल्या बटाट्याच्या वाफ्यांना लागली. राजपुत्रांच्या भेटींइतकंच हे मतदानही लोकांनी लक्षात ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

काकूंना माझा नमस्कार सांग. दिवाळीत मुंबईला येतोय, तेव्हा सेलर्स होम दोघांनी मिळून बाहेरून नीट पाहू.

तुझा,
मिलिंद