पडण्याच्या भीतीने बसवून ठेवू नका

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

विहीणबाईंच्या मनगटाचे प्लास्टर निघाले आणि हाड नीट जुळून आल्याचे डॉक्टरांनी सांगितले, हे तुझ्या फोनवरून कळले तेव्हा फार समाधान वाटले. पण त्याच बोलण्यात तू पुढे जे सांगितलेस त्याची काळजी वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. त्यांना आता पाण्याचा पेलाही बसल्या जागी दिला जातो, स्वयंपाकघरात फिरकू दिले जात नाही आणि इमारतीखाली उतरणे तर पूर्ण बंद झाले आहे. तू आणि जावईबापू हे सर्व मायेपोटी करीत आहात, याविषयी मला शंका नाही. तरीही पालिकेच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून निवृत्तीपर्यंत ज्या वृद्धांना मी पाहिले, त्यांच्यापैकी पुष्कळांची चाल पडल्यामुळे गेलेली नव्हती, तर पडल्यानंतर घरच्यांनी त्यांना बसवून ठेवल्यामुळे गेलेली होती, आणि ते मला विहीणबाईंच्या बाबतीत होऊ द्यायचे नाही.

बसून राहण्याची किंमत शरीर किती लवकर मोजते, याची घरात सहसा कल्पना नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात साठी-सत्तरीतल्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते. एवढ्याच काळात त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी जवळजवळ एक किलोने घटले. ही माणसे आजारी नव्हती, हे लक्षात घे. विहीणबाई अंथरुणाला खिळलेल्या नाहीत हे खरे, पण दिवसभर दिवाणावर बसणाऱ्या बहात्तर वर्षांच्या बाईची वाटचाल त्याच दिशेने, थोड्या मंद गतीने होते. त्यात भीतीची भर पडते. भ्यालेला माणूस आखूड पावले टाकतो, पाय घासत चालतो, नजर जमिनीवरून हलवत नाही आणि दिसेल ती भिंत धरतो. तसे चालल्याने तोल आणखी बिघडतो आणि ज्याची भीती होती तेच पुन्हा घडते. म्हणून "या वयात व्यायाम करणे सुरक्षित आहे का" हा तुझा प्रश्न मला अपुरा वाटतो. या वयात बसून राहणे सुरक्षित आहे का, हेही त्याच्या जोडीने विचारले पाहिजे.

वयाचे म्हणशील, तर १९९० साली बोस्टनमधील एका वृद्धनिवासात झालेला प्रयोग आम्हा सर्वांची दृष्टी बदलून गेला. सरासरी नव्वद वर्षे वयाच्या, अशक्त झालेल्या दहा जणांना तेथे आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजन उचलण्याचा व्यायाम दिला, आणि तोही नाममात्र वजनाचा नव्हे, तर त्यांच्या ताकदीच्या मानाने चांगला जड. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. नव्वदीतला स्नायूसुद्धा मागणी आली की वाढतो; मागणीच आली नाही तर पन्नाशीतलाही झिजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही पासष्टीपुढील व्यक्तींनी चालण्याखेरीज आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींचे व्यायाम करावेत असे म्हटले आहे. आपल्याकडे आजी-आजोबांना सकाळी बागेत एक फेरी मारायला सांगितले की काम झाले असे मानतात. चालणे उत्तमच, पण केवळ चालण्याने तोल सुधारत नाही आणि खुर्चीतून उठण्याची ताकदही पुरेशी येत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीत विहीणबाईंना बसव. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घेऊन, अंग पुढे झुकवून त्यांनी उभे राहावे आणि तितक्याच सावकाश खाली बसावे. धपकन बसू नये, कारण खाली येताना स्नायू जे काम करतो त्यानेच जिना उतरण्याची शक्ती येते. सध्या दुखऱ्या हातावर भार देऊन उठणे त्यांना पूर्ण वर्ज्य आहे. हात छातीशी ठेवून उठता येत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढव आणि ताकद येईल तशी ती काढून टाक. उठताना श्वास सोडावा, रोखून धरू नये, कारण श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब एकदम चढतो. सलग पाच वेळा नीट जमत असेल तर पाचांपासून सुरुवात करावी, मध्ये विसावा घेऊन पुन्हा पाच, आणि सोपे वाटू लागले की आकडा वाढवावा. ओट्याला बोटे टेकवून टाचा उचलणे, मग एका पावलाच्या पुढे दुसरे पाऊल एका रेषेत ठेवून उभे राहणे, त्यानंतर एका पायावर काही क्षण, हे त्याच ओट्यापाशी करता येते. मात्र तू शेजारी उभी राहा आणि त्यांची बोटे ओट्याचा आधार किती कमी घेऊ लागली ते पाहत जा. न्यूझीलंडमधील ओटागो येथे अशाच साध्या, घरी करण्याच्या आणि टप्प्याटप्प्याने कठीण होत जाणाऱ्या व्यायामांचा कार्यक्रम तयार झाला आणि त्याच्या एकत्रित अभ्यासांत वृद्धांचे पडणे सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. त्यासाठी यंत्र लागले नाही, जिमही लागली नाही.

मनगटाकडेही दुर्लक्ष नको. दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ, बोटांची पूर्ण मूठ वळणे आणि पूर्ण उघडणे, कोपर कुशीला लावून तळहात आकाशाकडे आणि मग जमिनीकडे फिरवणे, मनगट वर-खाली करणे, एवढे आत्ता चालेल. खांदा विसरू नकोस. हात गळ्यात अडकवून ठेवल्याने खांदा आखडतो, विशेषतः मधुमेह असलेल्यांचा, आणि विहीणबाईंना तो आहे. मऊ स्पंज दाबणे पुढच्या टप्प्यात; कणीक मळणे, कपडे पिळणे आणि भरलेली बादली उचलणे डॉक्टरांच्या संमतीनंतर. हात सुजून बोटे चकाकू लागली, आग होऊ लागली किंवा कातडीचा रंग बदलला, तर मात्र व्यायाम पुढे न रेटता त्याच आठवड्यात दाखवून आणा. आणखी एक गोष्ट तू स्वतः डॉक्टरांना विचार. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची पहिली खूण असू शकते, म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायची का? प्लास्टर निघाले की हा विषय संपला असे समजून घरोघरी ही तपासणी राहून जाते आणि पुढे खुब्याच्या हाडावर बेतते.

दुखणे किती सोसायचे, याचा एक सोपा नियम सांभाळा. शून्य ते दहा अशी मोजणी धरली तर व्यायामाच्या वेळी तीन-चारपर्यंतचे दुखणे चालते, ते रात्रीची झोप मोडणारे नसावे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झालेले असावे. तसे झाले नाही तर संख्या निम्मी करावी. व्यायाम सोडू नये. त्यांच्या गुडघ्यांच्या बाबतीतही हेच लागू आहे. गुडघे झिजले म्हणून जिना कायमचा सोडणे मला मान्य नाही. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्याला आधार मिळतो, आणि वजन एका किलोने उतरले तर चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. याउलट छातीत दाब, दम लागून वाक्य पूर्ण न होणे, डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला अचानक सूज व दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे न्यायचे, उद्यावर टाकायचे नाही.

तुमच्या भागात जो फिजिओथेरपिस्ट शोधाल त्याची पारख करून घ्या. शेक देणे आणि करंट लावणे यांनी काही वेळ बरे वाटते, पण रुग्णाला पलंगावर निजवून यंत्र जोडायचे आणि वीस मिनिटांनी पैसे घेऊन घरी पाठवायचे, याला मी उपचार म्हणत नाही. चांगला फिजिओथेरपिस्ट विहीणबाईंना आधी चालून दाखवायला सांगेल, खुर्चीतून उठताना पाहील, औषधांची आणि चष्म्याची चौकशी करील, त्यांना काय पुन्हा करता यायला हवे आहे हे विचारील आणि दर खेपेला व्यायाम बदलेल. महाराष्ट्रात या व्यवसायाची राज्य परिषद आहे, तेव्हा तिच्याकडे नोंदणी आहे ना, हे विचारायला संकोच करू नका. खर्चाचा प्रश्न असेल तर केईएम, नायर आणि शीव या रुग्णालयांत हे विभाग आहेत आणि हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करीत आहे. मी ज्या परळच्या शाळेत शिकले ती देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा १९५० च्या दशकाच्या आरंभी, पोलिओने अधू झालेल्या मुलांच्या गरजेतून, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने उभी राहिली. मुंबईने ही विद्या देशात रुजवली आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो आणि म्हणूनच ती यंत्राच्या बटणापुरती उरलेली पाहताना वाईट वाटते.

आता तुझ्या कंबरेविषयी. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधल्या गादीचा फुगवटा, आला म्हणून तू पट्टा बांधून झोपून राहतेस, हे मला पटत नाही. कंबर मुळीच न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय पाहणाऱ्या अभ्यासांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांत असाच फुगवटा दिसला. अहवालातला तो शब्द केस पिकण्याइतका सर्वसाधारण आहे. पायांतली शक्ती कमी होणे, बसण्याच्या जागी बधिरता, लघवी अडकणे किंवा नकळत होणे, ताप, विनाकारण वजन उतरणे, अशी लक्षणे असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. तुला त्यांपैकी काहीच नाही. तुला हवे आहे ते रोजचे चालणे, पाठीवर निजून गुडघे वाकवून कंबर उचलण्याचा व्यायाम, आणि हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन विरुद्ध हात-पाय लांबवण्याचा व्यायाम. चालण्याचा वेग असा ठेव, की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. असे आठवड्यातून १५० मिनिटे झाले पाहिजे, आणि ते दहा-दहा मिनिटांनी जोडले तरी चालते.

१९५३ साली जेरेमी मॉरिस या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांची तुलना केली, तेव्हा दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा वर-खाली चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत असल्याचे आढळले. तुझ्या लहानपणी आपण बेस्टच्या दुमजली गाडीत वर बसायला धावायचो, त्या वेळी कंडक्टर किती वेळा तो अरुंद जिना चढायचा ते तुला आठवत असेल. तुझी नोकरी चालकासारखी बैठी आहे, म्हणून कंडक्टरचा भाग तुला ठरवून मिळवावा लागेल: लोअर परळला सरकत्या जिन्याऐवजी साधा जिना, फोन आला की उभे राहून बोलणे, आणि अर्ध्या-पाऊण तासाने जागेवरून उठणे. पावसाळ्यात पुलाच्या पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा कठडा धर आणि गाडी सुटत असली तरी धावू नकोस.

नातवाबद्दल, ओंकारबद्दल, थोडेच. मल्लखांबाने उंची खुंटते असे कोणी सांगितले असेल तर ते खरे नाही. शिकवणारा जाणता असावा, खाली गादी असावी आणि घाई नसावी, एवढे पाहून त्याला जरूर घाल. या वयाला रोज तासभर दम लागेल असे खेळणे आवश्यक आहे. त्याच्या शिकवणीचे तास त्याभोवती बसवा.

विहीणबाईंनी मला फोनवर सांगितले, की त्यांना पूर्वीसारखे एकट्याने देवळात जाऊन आरतीपर्यंत उभे राहायचे आहे आणि संध्याकाळी स्वतः भाजी निवडून आणायची आहे. तुम्ही त्यांना हे विचारले नसेल तर विचारा, आणि व्यायामाचे टप्पे त्याच हिशेबाने ठरवा: आधी घरातील पॅसेज, मग मजल्यावरचा व्हरांडा, मग कठडा धरून एक जिना, मग तुझ्यासोबत देऊळ, आणि मग त्या एकट्या. तोवर पाण्याचा पेला त्यांचा त्यांना घेऊ द्या, शेंगा सोलणे आणि ताटे मांडणे पुन्हा त्यांच्याकडे द्या.

मी येत्या रविवारी बोरिवलीला येते. त्याआधी न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला पकडदांडा आणि न घसरणारी चटई घालून ठेव. टॉवेलची दांडी धरण्याची सवय मोडायला हवी, कारण ती माणसाचा भार घेत नाही. रात्री बाथरूमकडे जाण्याच्या वाटेवर छोटा दिवा लाव आणि उठल्यावर पलंगाच्या कडेला क्षणभर बसूनच उभे राहायला त्यांना सांग. रबरी सपाता काढून टाक आणि टाचेमागे पट्टा असलेल्या चपला आण. त्यांच्या सर्व गोळ्या एका पिशवीत काढून ठेव. झोपेची आणि रक्तदाबाची कोणती आहे ते मला पाहायचे आहे. खुर्ची मात्र चाकांची नको, जेवणाच्या टेबलाची लाकडी चालेल.

जावईबापूंना आणि विहीणबाईंना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझी,
आई